पडू नये म्हणून चालू द्या

वृद्धाश्रमात एखादे आजोबा किंवा आजी पडल्या, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, 'वय झालं, आता पडायचंच.' दुसरं, 'उद्यापासून जागचं उठायचं नाही.' फिजिओथेरपिस्ट म्हणून मी अशा संस्थांत जाते, तेव्हा मला दोन्ही वाक्यं सारखीच खटकतात. पहिल्यात हार आहे, दुसऱ्यात काळजी आहे. पण दोन्हींचा शेवट अंथरुणातच होतो.

पडणं ही साधी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक असते. हाडं ठिसूळ झालेली असतात. खुब्याचं हाड मोडलं, की शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना पूर्वीसारखं चालता येत नाही.

आता माणूस पडतो कसा, ते पाहू. पहाटे लघवीची घाई होते. झोपेतून झटकन उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चष्मा हाताशी नसतो, दिव्याचं बटण दाराजवळ असतं. पायात झिजलेली स्लिपर, पुढे ओली फरशी. त्यात रात्री घेतलेल्या झोपेच्या गोळीचा अंमल. म्हणजे कारण एक नसतं, चार-पाच कारणं एकाच वेळी जुळून येतात. त्यातलं एक-दोन जरी दूर केलं, तरी पडणं टळू शकतं.

म्हणून प्रत्येक संस्थेला माझं पहिलं सांगणं असतं, की एक साधी वही ठेवा. कोण पडलं, किती वाजता, कुठे, काय करताना, पायात काय होतं, कोणती औषधं चालू आहेत, एवढंच लिहा. दोन-तीन महिन्यांनी वही वाचली, की चित्र दिसू लागतं. पहाटे पाचला न्हाणीघराच्या वाटेवर माणसं पडत असतील, तर तिथे रात्रभर मंद दिवा हवा आणि साडेचारला सेविकेची एक फेरी हवी. औषधांची यादी डॉक्टरांना पुन्हा दाखवायला हवी. मनानं मात्र एकही गोळी बंद करू नये.

काही बदल कमी खर्चाचे आहेत. संडासात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. पलंग एवढाच उंच असावा, की काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. उंबरठ्याला फरशीहून वेगळा रंग द्यावा. काठीचं रबरी बूच झिजलं, की बदलावं. उठल्यावर मिनिटभर पलंगावर बसून मगच उभं राहावं.

पडू नये म्हणून खुर्चीला बांधून ठेवणं मात्र चुकीचं आहे. पलंगाला उंच कठडे लावले, तर बेचैन माणूस ते ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. बसवून ठेवल्यानं मांड्यांची ताकद जाते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. न्यूझीलंडमध्ये घरी राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ओटागो नावाचा व्यायामक्रम तयार झाला. पायांची ताकद आणि तोल सांभाळणाऱ्या त्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं. वृद्धाश्रमातली माणसं जास्त थकलेली असतात, म्हणून तिथे प्रत्येकाची तब्येत पाहून आणि शेजारी कुणी उभं राहून व्यायाम घ्यायला हवा. खुर्चीतून उठणं-बसणं, आधार धरून टाचा उचलणं, एवढ्यानंही सुरुवात होते.

शेवटी नातेवाइकांशी थोडं बोलते. 'आमच्या आईला काही झालं, तर बघा,' असं आपण बजावतो, तेव्हा भीतीपोटी व्यवस्थापक तिला बसवूनच ठेवतात. आपली आई स्वतःच्या पायांनी संडासला जाते, यात तिचा मान आहे. पुढच्या भेटीला जाल तेव्हा तिच्या पायातली चप्पल उलटी करून तळ पाहा, रात्रपाळीला किती माणसं असतात ते विचारा, आणि तिचा हात धरून अंगणात एक फेरी मारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)