खाजकुइलीची दुसरी ओळख

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "पाच मिनिटं, विषय तुझा." सॉफ्टवेअरवर बोलले असते तर तुम्ही सगळे चहाकडे वळला असता. म्हणून खाजकुइलीवर बोलते. ती कोणी कोणाच्या कॉलरमध्ये टाकली, ती नावं घेत नाही. त्यातले काही जण आता आजोबा झालेत.

खाज येते ती शेंगेवरच्या लवेमुळे. आतल्या बीमध्ये मात्र लेव्होडोपा नावाचं एक अमिनो आम्ल असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते या बियांतून वेगळं काढलं. आज पार्किन्सन्स, म्हणजे कंपवातावरचं ते सगळ्यात महत्त्वाचं औषध आहे. माझ्या सासऱ्यांना हा आजार झाला तेव्हा गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव दिसलं आणि मी वाचायला लागले.

दुधात, डाळीत टायरोसीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याला ऑक्सिजनचा फक्त एक अणू जास्त जोडला की डोपा होतं. डोपापासून मेंदू डोपामाइन बनवतो. कंपवातात ते बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतात, पाऊल उचलत नाही. मग थेट डोपामाइनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. डोपा शिरतं, कारण अमिनो आम्लांना आत नेण्याची जी व्यवस्था शरीरात आहे, तिला ते आपल्यातलंच वाटतं.

१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेतलं. ससे निपचित पडले. डोपा टोचल्यावर ते थोड्याच वेळात हिंडू लागले. पुढे, २००० मध्ये, कार्लसन यांना नोबेल मिळालं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियस यांनी रुग्णांना हळूहळू वाढवत मोठे डोस दिले आणि जखडलेली माणसं चालू लागली.

अडचण एकच होती. बरंचसं डोपा मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच डोपामाइन होऊन जाई आणि रुग्णाला मळमळ, उलट्या होत. त्यावरचा उपायही डोपाच्याच घरातला. डोपाच्या रेणूत एक मिथिल गट आणि एक जास्तीचा नायट्रोजन बसवला की होतं कार्बिडोपा. ते मेंदूत जात नाही. बाहेरच थांबून डोपाचं रूपांतर रोखतं. त्यामुळे लेव्होडोपाचा डोस साधारण पाऊण हिश्श्याने कमी करता आला. नुसता मिथिल गट बसवला तर मिथिलडोपा होतं. गरोदरपणात रक्तदाब वाढला तर दिली जाणारी गोळी तीच. एकाच रेणूत चार-दोन अणूंचा फरक, आणि कामं तीन.

आता घरातली गोष्ट. सासऱ्यांना सकाळची गोळी छान लागू पडायची, दुपारची नाही. जेवून उठताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. आजार वाढला, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी मात्र आधी जेवणाची वेळ विचारली. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल. उसळ, दही, डाळ यांतली प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लंच होतात. सगळ्यांचं दार एकच, त्यामुळे दारात गर्दी होते आणि औषध मागे राहतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितलं. आठवड्याभरात ते दुपारी अंगणापर्यंत जायला लागले. आजार गेला नाही; दुपार परत मिळाली.

आपल्या आईवडिलांची वयं आता सत्तर-ऐंशी आहेत. कोणाच्या घरी हा आजार असेल तर गोळी कधी, जेवण कधी, त्रास कधी, हे आठ दिवस वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मनाने डाळ-दूध बंद करू नका, वेळाही परस्पर बदलू नका. आणि बाजारात मिळतं म्हणून खाजकुइलीचं चूर्ण गोळ्यांच्या जोडीला सुरू करू नका. त्यात खरंखुरं लेव्होडोपा असतं, पण किती, ते प्रत्येक बियाण्यागणिक बदलतं. गोळीत ते मोजून घातलेलं असतं.

चहा तयार आहे.