पोलादावरचे शुल्क आणि आपला भंडारा जिल्हा



धातूंच्या व्यापार-धोरणावरची परिषद नागपूर-मुंबईला न भरवता मोहाडी तालुक्यातल्या करडीत, या धानाच्या मुलखात का, असे अनेकांनी विचारले. भंडारा जिल्ह्यात धातूची सगळी वाट एका दिवसात पाहता येते, म्हणून. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला ‘मॉईल’च्या मँगनीज खाणी आहेत, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, भंडारा शहरात पितळेची भांडी घडवणारे कारागीर आहेत आणि गावोगावी पत्रा कापून धान्याच्या कोठ्या, कपाटे करणारी माणसे आहेत. दिल्लीत शुल्काचा एक आकडा बदलला की या चौघांचे चार वेगळे हिशेब बदलतात.

मे २०२२ आठवा. देशात पोलाद महागले म्हणून सरकारने बऱ्याच पोलादी मालावर १५ टक्के निर्यात शुल्क लावले. पत्रा घेणाऱ्याला दिलासा मिळाला, पण ज्यांनी परदेशी ऑर्डर घेतल्या होत्या ते अडकले. पोलादाची मागणी घटली की मँगनीजला उठाव राहत नाही, कारण त्याचा बहुतेक खप पोलादातच होतो. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क मागे घेतले गेले. सहा महिन्यांत दोन उलट निर्णय झाले, तर भट्टी चालवणाऱ्याने कच्चा माल कोणत्या भरवशावर भरायचा?

आता उलटी बाजू. अमेरिकेने जून २०२५ मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेला. आपल्यापैकी फार थोडे जण तिकडे माल पाठवतात. तरीही झळ इथवर येते, कारण तिकडे अडलेले पोलाद दुसरे बंदर शोधते. त्याआधीच, २०२३-२४ मध्ये, भारताने तयार पोलाद परदेशात विकले त्यापेक्षा जास्त विकत घेतले होते. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क आले. स्वस्त आयातीपुढे देशी भट्ट्या विझू देऊ नयेत, हे मलाही पटते. पण शुल्क कशावर आहे ते नीट पाहा. ते कॉइल, प्लेट आणि पत्र्यावर आहे, सळ्या-बारवर नाही. म्हणजे बार करणाऱ्या कारखान्याला त्याचा आधार नाही आणि कोठी करणाऱ्याचा पत्रा मात्र महागतो. तयार कोठी घेणारा शेतकरी धानाच्या भावाकडे बघून घासाघीस करणार, तेव्हा वाढलेला खर्च त्या कारागिराच्याच मजुरीतून जातो.

संरक्षण कसे द्यावे याचे एक जुने उदाहरण आपल्याच देशात आहे. १९२३ साली टॅरिफ बोर्ड नेमले गेले आणि १९२४ साली पोलाद संरक्षणाचा कायदा झाला. राज्य परक्यांचे होते, त्यांचे हेतूही निर्मळ नव्हते. तरी बोर्डाने पोलाद करणाऱ्यांबरोबर ते वापरणाऱ्या कारखान्यांच्याही साक्षी घेतल्या. कच्च्या पोलादासोबत त्यापासून घडवलेल्या मालावरही शुल्क बसवले. रूळ आणि रेल्वे वॅगनींना अनुदान दिले. मुदत तीन वर्षांची होती, त्यानंतर पुन्हा चौकशी झाली.

आजही संरक्षक शुल्क लावण्याआधी चौकशी होते. पण तिथे म्हणणे मांडायला वकील लागतो, आकडेवारीचे गठ्ठे लागतात, दिल्लीच्या खेपा लागतात. मोठे कारखाने ते करू शकतात. दोन मजूर आणि एक वेल्डिंग मशीन असलेला माणूस तिथे पोहोचतच नाही, आणि त्याच्याविना त्याच्या पत्र्याचा दर ठरतो. पितळवाल्यांचेही तेच. २०२१च्या अर्थसंकल्पात पितळेला लागणाऱ्या तांब्याच्या भंगारावरचे आयात शुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आले, ते चांगलेच झाले. पण भांडी घडवणाऱ्याला मोड कोणत्या भावाने मिळते, हे कोणी मोजले?



स्वागत समितीची एकच मागणी आहे: अशा चौकशीची एक सुनावणी जिल्ह्यात, मराठीत व्हावी आणि लहान कारखानदाराचे तोंडी म्हणणे लेखी निवेदनाइतकेच धरले जावे. म्हणून आजच्या पहिल्या सत्रात पत्राकाम करणारे बोलतील, मग पितळेचे कारागीर आणि खाणकामगार. कारखान्यांचे प्रतिनिधी शेवटी. सर्वांचे प्रत्येक म्हणणे टिपून घ्यायला आमचे कार्यकर्ते बसले आहेत. अध्यक्ष महोदयांनी कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.