दुसरी बॅटरी घेण्याआधी
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पहाटे पेपर टाकणारी मुलं, दुपारी-रात्री जेवणाची पार्सलं पोचवणारे तरुण, गावातून तालुक्याला कामावर जाणाऱ्या बाया यांतले बरेच जण आता विजेच्या सायकलवर किंवा छोट्या स्कूटरवर आहेत. बॅटरी संपली की त्यांची कमाई त्या दिवसापुरती थांबते. म्हणून ते दुसरी बॅटरी शोधतात, आणि हातात पैसे कमी असल्यानं स्वस्तातली शोधतात. ही वस्तू रात्री घरात येते, पोरं झोपतात त्याच खोलीत चार्जिंगला लागते. म्हणून हा विषय मला निव्वळ बाजारहाटाचा वाटत नाही.

सुरुवात हिशेबापासून करू. दुकानात ‘किती एएचची, म्हणजे अँपिअर-अवरची, हवी?’ असं विचारतात. तेवढ्यावर काही ठरत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर, आणि पल्ला ठरतो तो त्यावर. आपल्याकडच्या अनेक सायकलींना ३६ व्होल्ट, ५.८ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे साधारण २०९ वॉट-अवर. सपाट रस्त्यावर पेडल मारत गेलं तर किलोमीटरला ८ ते १० वॉट-अवर लागतात, नुसत्या थ्रॉटलवर १५ च्या आसपास. म्हणजे एकीकडे वीसपंचवीस किलोमीटर, दुसरीकडे कसेबसे चौदा.

चढाचा हिशेब वेगळा. पुणे शहराच्या पातळीपासून सिंहगडाचा माथा सुमारे ७५० मीटर वर आहे. माणूस ७० किलोचा आणि सायकल २५ किलोची धरली, तर हे ओझं नुसतं तेवढं वर उचलायलाच १९४ वॉट-अवर लागतात. मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा, वारा आणि टायरचं घर्षण मी यात धरलेलंच नाही. म्हणजे पाय न चालवता ही बॅटरी माथ्यापर्यंत पोचवणार नाही. तेव्हा कंपनीच्या पत्रकातला पल्ला विसरा. आपला रोजचा रस्ता, त्यातले चढ, पाठीवरचं ओझं यांवरून गरज काढा आणि वर पाव भाग जास्त धरा, कारण बॅटरी जुनी होते तशी आटते.

हा हिशेब मांडल्यावर पुष्कळांना दुसऱ्या बॅटरीची गरजच उरत नाही. जाताना बॅटरी पुरते, येताना अपुरी पडते आणि मधले आठ तास सायकल कामाच्या ठिकाणी उभी असते, अशांनी तिथे ठेवायला एक दुसरा चार्जर घ्यावा. तो बॅटरीच्या मानानं कितीतरी स्वस्त पडतो. दुसरी बॅटरी खरोखर लागते ती दिवसभर फिरणाऱ्याला.

त्यानं पहिली गोष्ट पाहावी ती रसायन. लिथियम बॅटरी हे एकच नाव आहे, पण आपल्या वाहनांत प्रामुख्यानं दोन जाती भेटतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची, जिला एनएमसी म्हणतात, आणि लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. ही दुसरी जात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात पुढे आली. याच गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. एलएफपी वजनाला जड, पण उष्णता अधिक सोसते आणि जास्त वर्षं टिकते. तिच्याबद्दल मला आदर आहे. तरीही पहिली बॅटरी एनएमसीची असेल, तर दुसरी एलएफपी घेऊ नका. दोन्हींवर ३६ व्होल्टच लिहिलेलं असतं. पण एनएमसीच्या पॅकमध्ये ओळीनं दहा सेल असतात आणि तो ४२ व्होल्टला भरतो. एलएफपीत बारा असतात आणि तो ४३.८ ला भरतो. घाईत एलएफपीचा चार्जर एनएमसीला लागला, तर ४.२ व्होल्टवर थांबायला हव्या त्या प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्टचा दाब येतो. मग सगळी भिस्त आतल्या संरक्षक सर्किटवर, म्हणजे बीएमएसवर. घरात दोन सारखे दिसणारे चार्जर असले की त्यांची अदलाबदल कधी ना कधी होतेच. म्हणून माझा आग्रह असा: दुसरी बॅटरी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच चार्जरवर चालणारी घ्यावी.

कंपनीच बंद पडली असेल तर? मग बाहेरून घेणं आलंच. तेव्हा दोन खुणा तपासा. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगल्यातला चांगला असला तरी ३६०० मिलीअँपिअर-अवरच्या आसपास असतो. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं, तर ते खोटं आहे. दुसरी खूण वजनाची. ३६ व्होल्ट, १० एएचच्या पॅकमध्ये नुसत्या सेलांचंच वजन सव्वा किलोच्या वर जातं. खोका, तारा, सर्किट धरून आख्खा पॅक सव्वा किलोच्या आत भरत असेल, तर आत सेल कमी आहेत. शिवाय २५० वॉटची मोटर सपाटीवर सात अँपिअर ओढत असली, तरी चढावर दुप्पट मागते. नव्या पॅकची बीएमएस तेवढा प्रवाह सतत देते का, हे लेखी मागा. नाहीतर ऐन चढावर सायकल बंद पडेल.

दोन बॅटऱ्या एकाच वेळी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तशी वाय-आकाराची वायरही मिळते. एक भरलेली आणि एक अर्धी बॅटरी अशी थेट जोडणं म्हणजे उंचावरची भरलेली टाकी खालच्या टाकीला मोठ्या नळानं जोडणं. भरलेलीतला प्रवाह अनियंत्रित वेगानं दुसरीत घुसतो, तारा तापतात, सेल बिघडतात. वाहनात दोन बॅटऱ्यांची सोय कारखान्यातूनच असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर एक काढा, दुसरी लावा.

गल्लीतल्या दुकानात जुने सेल जोडून पॅक करून देतात. ते लोक कष्टाळू आहेत, त्यांच्या हातात कसबही आहे. तरी तो पॅक घेऊ नका, असंच मी म्हणेन. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या २६८ आगींत १८ माणसं गेली. त्याच वर्षी त्या शहरानं वापरलेल्या बॅटऱ्यांतले सेल काढून नवा पॅक बांधायला बंदी केली. आपल्याकडे दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ या मानकाच्या कसोट्या डिसेंबर २०२२ पासून कडक झाल्या. मार्च २०२३ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या टप्प्यात पॅकमधला एक सेल बेफाम तापला तरी आग सगळ्या पॅकभर पसरू नये, याचीही परीक्षा आली. हाती बांधलेला पॅक अशा कुठल्याच परीक्षेतून गेलेला नसतो.

किमतीचं दुखणं खरं आहे. विजेच्या वाहनावर जीएसटी ५ टक्के, पण तीच लिथियम बॅटरी सुटी घेतली की १८ टक्के. रोजच्या पोटासाठी दुसरी बॅटरी घेणाऱ्यावर हा भार अन्यायाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून वाहन घेतानाच दोन बॅटऱ्यांचं मॉडेल परवडत असेल तर तेच पाहावं. आणि ‘पुढेमागे लागेल’ म्हणून आज घेऊन कपाटात ठेवू नये. न वापरता पडलेली बॅटरीही म्हातारी होते. पूर्ण भरून उन्हाच्या पत्र्याखाली ठेवली तर फार लवकर. काही आठवडे ठेवायचीच असेल तर निम्मी भरून, घरातल्या गार जागी ठेवा. बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि अकोला-चंद्रपूरकडे मेमधली दुपारची हवाच तेवढी तापते. तेव्हा फिरून आल्यावर तासभर थंड होऊ द्या. पहाटे, आपण जागे असताना, दारापासून लांब आणि फरशीवर चार्जिंगला लावा. दाराशी लावू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

नवी बॅटरी आणली की पहिल्याच आठवड्यात पूर्ण भरून आपल्या रोजच्या रस्त्यावर संपेपर्यंत चालवा आणि किलोमीटर लिहून ठेवा. लगेच जुनीचेही तसेच मोजा. नवी जुनीपेक्षा कमी चालली तर बिल आणि पॅकवरचा क्रमांक घेऊन दुकान गाठा. जुनी निकामी झाली की भंगारात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तिची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती कुठे परत घेतात, हे नवीचे पैसे मोजण्याआधीच विचारून घ्या.