चौकट आधी, भिंग नंतर

छायाचित्रणाच्या चर्चेत पहिला मान भिंगाला मिळतो, परंतु कोणतेही भिंग स्वयंभू नसते. प्रतिमा ज्या चौकटीत बसवायची तिची लांबी-रुंदी आधी ठरते आणि त्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांपर्यंत रेखीव प्रतिमा पोहोचवण्याची जबाबदारी नंतर भिंगाच्या माथी येते. ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीहून मोठ्या, पण चार बाय पाच इंची सुट्या फिल्महून लहान अशा सर्व चौकटींना मिळून ‘मीडियम फॉरमॅट’ म्हटले जाते. गोल भिंगाची प्रतिमाही गोल पडते, आणि या प्रतिमावर्तुळाचा व्यास चौकटीच्या कर्णाहून कमी असून भागत नाही. ३५ मिलिमीटरच्या चौकटीसाठी हा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर, आजच्या ४४ × ३३ मिलिमीटरच्या डिजिटल सेन्सरसाठी ५५, तर जुन्या ५६ मिलिमीटर चौरस फिल्मसाठी ७९ मिलिमीटर भरतो. केंद्रापासून जितके दूर जावे तितकी भिंगाची वैगुण्ये उघडी पडतात: प्रतिमेचे प्रतल सपाट न राहता वाटीसारखे वाकते, आणि एका दिशेच्या रेषा स्पष्ट असताना दुसऱ्या दिशेच्या पुसट होतात. लहान चौकटीचे उत्तम भिंग नुसते मोठे करून मोठ्या चौकटीला जोडता येत नाही, कारण आकाराबरोबर हे दोषही वाढतात.

चौकटीने भिंग कसे घडवले जाते हे पाहण्यासाठी हैदराबादकरांना फार लांब जावे लागत नाही. १८८०च्या दशकात राजा दीनदयाळ यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला, तेव्हा काचेच्या प्लेटवरील प्रतिमा कागदाला भिडवूनच छापली जाई, म्हणजे प्लेट जेवढी तेवढेच छायाचित्र. मोठे छायाचित्र हवे असेल तर मोठी प्लेट आणि तिला पुरणारे भिंग लागे. याहूनही काटेकोर उदाहरण बेगमपेठेतील निजामिया वेधशाळेचे आहे, आणि छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

या उदाहरणाचे मूळ पॅरिसमध्ये आहे: १८८७ साली तेथे भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेने सगळ्या आकाशाचे छायाचित्र घेण्याचे ठरवले आणि हे काम जगभरच्या वेधशाळांत वाटून दिले. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्लेटा परस्परांशी ताडून पाहता याव्यात म्हणून एक प्रमाण सर्वांसाठी निश्चित झाले: प्लेटवरील एक मिलिमीटर म्हणजे आकाशातील एक कला, अर्थात अंशाचा साठावा भाग. या एका अटीतून भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या ताऱ्याची किरणे जेथे एकत्र येतात तेथपर्यंतचे अंतर, ३.४३ मीटर असणार हे गणिताने आपोआप ठरले. प्लेट १६ सेंटिमीटर चौरस आणि भिंगाचा व्यास ३३ सेंटिमीटर ठेवण्यात आला. एका प्लेटवर सुमारे दोन अंश लांब-रुंद आकाश मावे. त्या काळच्या प्लेटा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असल्याने पॅरिसच्या पॉल व प्रॉस्पेर आंरी या बंधूंनी आदर्श म्हणून घडवलेले भिंगही त्याच रंगांसाठी दुरुस्त केलेले होते. मानवी डोळ्याला अशा भिंगातून तारा धूसर दिसतो, म्हणून तारा चौकटीत धरून ठेवण्यासाठी शेजारी डोळ्यासाठी बनवलेली दुसरी दुर्बीण जोडावी लागे. प्रतिमा टिपणारा पदार्थ भिंगाच्या काचेवर किती हुकूम चालवतो, हे या जोडदुर्बिणीइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

नवाब जफर जंग यांनी १९०१ साली हैदराबादेत निजामिया वेधशाळा स्थापन केली. त्यांच्या निधनानंतर १९०८ साली निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि ए. बी. चॅटवुड हे तिचे पहिले संचालक झाले. चिलीतील सांतियागोच्या वाट्याचा दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला, आणि पुढे जर्मनीतील पोट्सडामच्या वाट्याचा उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही. हे काम कुक कंपनीच्या आठ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर भिंगाच्या दुर्बिणीवर झाले. पॅरिसच्या ३३ सेंटिमीटर भिंगापेक्षा ते अडीच पटींहून अधिक कमी प्रकाश गोळा करते. मात्र भिंगाच्या व्यासावर प्रतिमेचे माप अवलंबून नसते, तिचा उजेड अवलंबून असतो. त्यामुळे लहान भिंगानेही हे काम निभावता आले. आर. जे. पोकॉक आणि त्यांच्यानंतर १९१८ पासून टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली प्लेटांवर पाच मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी छापून प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजण्यात आले, आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची बारा खंडांत प्रसिद्ध झाली. दरम्यान १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवली गेली.

कॅमेऱ्याचे कारखानदार नवी प्रणाली उभारतात तेव्हा त्यांनाही अशीच एक न बदलता येणारी अट आधी मान्य करावी लागते. फरक एवढाच की ती अट परिषद घालत नाही, कारखाना स्वतःच घालून घेतो. भिंग जेथे अडकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ही ती अट. स्वीडनच्या हॅसलब्लाडच्या आरसायुक्त कॅमेऱ्यात हे अंतर ७४.९ मिलिमीटर होते, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी; परिणामी कमी नाभीय अंतराच्या रुंद दृश्याच्या भिंगांना उलट्या दुर्बिणीसारखी, बोजड रचना स्वीकारावी लागली. १९५४ सालच्या ‘सुपर वाइड’मध्ये कंपनीने आरसाच काढून टाकला आणि झाइसचे ३८ मिलिमीटरचे बायोगॉन भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेले. १९५७ साली ‘५०० सी’ आणताना शटर कॅमेऱ्यातून काढून भिंगात बसवले गेले, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे नव्याला बसेनात. जुन्या ग्राहकांना हा निर्णय महाग पडला असेल, पण तो योग्यच होता: फ्लॅशचा वापर त्यामुळे कोणत्याही वेगाला शक्य झाला.

फुजीफिल्मने सप्टेंबर २०१६ मध्ये जीएफएक्स प्रणाली जाहीर केली, तेव्हा आरसा नसल्याने हे अंतर २६.७ मिलिमीटर ठेवता आले. पहिला कॅमेरा सुमारे पाच कोटी चित्रबिंदूंचा होता, तरी भिंगे दहा कोटींच्या हिशेबाने आखल्याचे कंपनीने सांगितले होते. तसा कॅमेरा २०१९ मध्ये आला. कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो, भिंग वीस-तीस वर्षे वापरात राहते, म्हणून भिंगाची आखणी पुढच्या सेन्सरसाठीच करावी लागते. कॅमेऱ्याबरोबर आधी आलेली तीन भिंगे, म्हणजे ६३ मिलिमीटरचे साधे, ३२ ते ६४ मिलिमीटरचे झूम आणि जवळच्या वस्तूंसाठीचे १२० मिलिमीटरचे, पाहिली की प्रणाली निसर्गदृश्ये व स्टुडिओतील काम करणाऱ्यांसाठी योजलेली होती, धावपळीच्या वृत्तछायाचित्रणासाठी नव्हे, हे जाहिरातीपेक्षा स्पष्ट कळते.

बेगमपेठेत वापरलेल्या प्रमाणाचा हिशेब मात्र सर्वांत लांब चालला. युरोपच्या हिपार्कस उपग्रहाच्या निरीक्षणांतून २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायको-२’ या सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या सूचीत ताऱ्यांची आकाशातील संथ सरक काढण्यासाठी जुनी स्थाने म्हणून त्याच जागतिक उपक्रमाची मोजमापे घेतली गेली, आणि त्यांत हैदराबादच्या आठ इंची भिंगाने टिपलेले तारेही आहेत.