सोनकीचे फूल



भाद्रपदात जुन्नरचा नाणेघाट, आंबेगावचे आहुपे पिवळेधमक होते. ही आपली सोनकी. सूर्यफूल, झेंडू हे तिचे भाऊबंद.

आपण तिला एक फूल म्हणतो. पण जवळ जाऊन बघू. मधल्या गोंड्यात कितीतरी इवली फुले दाटीने बसलेली असतात. कडेची एकेक पाकळी हेसुद्धा वेगळे फूलच! एकटे फूल नजरेत भरत नाही. सगळी मिळून दिसतात, मग मधमाशी येते, बी धरते.

बियाला पांढरे मऊ केस असतात. वारा ते रानोमाळ नेतो. पावसाळ्यात तिथे नवे रोप येते.

तेव्हा फुललेले रोप आपण उपटू नये, पोरांनाही उपटू देऊ नये. रोप गेले की बी गेले. मग पुढच्या साली पठार पिवळे कोण करणार?