आधी गुरुजींना शिकू द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही मिल कामगार. शाळा लवकर सुटली, बाकीचं शिक्षण वाचनालयात झालं. असा माणूस कॉम्प्युटरवर बोलायला उभा राहिला म्हणून कोणी हसेल तर हसू द्या. आमचा विषय मशीन नाही, ते शिकवणारा मास्तर आहे.

आपल्या महालातल्या एका घरची लेक शाळेत मराठी शिकवते. एक दिवस ती आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, सोमवारपासून कॉम्प्युटरचा तास माझ्याकडं दिला. मले टायपिंग येते, सर्टिफिकेटही आहे. पण पोट्ट्यांनी 'असं काहून होते' विचारलं तर काय सांगू?" ती फळ्यावर व्याख्या लिहून देत होती आणि पोरं उतरवून घेत होती. कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं.

खरं सांगतो, आधी आम्ही तिलाच बोललो. "पगार घेतेस ना?" ती गप्प उठून गेली. रात्री आम्हाला मिलमधला आमचा पहिला दिवस आठवला. शेजारी जुना कामगार उभा होता. तुटलेला धागा कसा जोडायचा, चालत्या मशीनपासून बोटं कशी वाचवायची, हे त्यानं हाताला धरून दाखवलं. तो नसता तर आमची बोटं राहिली नसती. मग या पोरीच्या शेजारी कोण उभं होतं? दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली.

बंधूंनो, वापरणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. २००१ साली आपल्या राज्यात एमएस-सीआयटी सुरू झाली, लाखो लोकांनी ती केली, चांगलंच झालं. पण त्यात कॉम्प्युटर वापरायला शिकवतात. कापड नेसणारा प्रत्येक जण विणकर नसतो.

एक उदाहरण घ्या. गणिताच्या वहीत 'क = क + १' लिहिलं तर गुरुजी लाल रेघ मारतील. प्रोग्रामात मात्र तेच बरोबर! तिथं त्याचा अर्थ असा की, 'क' नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळव आणि परत त्याच डब्यात ठेव. पोरं नेमकी इथं अडखळतात. कुठं अडखळतात आणि तिथून बाहेर कसं काढायचं, हे नव्या शिक्षकाला कोणीतरी सांगितलं पाहिजे. हेच खरं प्रशिक्षण.

आणि प्रत्येक धड्याला मशीन लागतंच असंही नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डनं मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे लावले. भोक असलं की धागा वर, नसलं की खाली, अशी नक्षी विणली जायची. पुढं १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत भोकांचीच कार्डं मोजणीला वापरली. कॉम्प्युटरचं एक आणि शून्य हे त्याच जातीचं. चौकटीच्या वहीवर पोरं हे पेन्सिलीनं शिकू शकतात. एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम असेच कॉम्प्युटरविना करायचे पाठ शिक्षकांना देतो. मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' धडे मराठीतही आहेत.

ही अडचण एकट्या आपली नाही. इंग्लंडनं २०१४ साली शाळांना कॉम्प्युटिंगचा नवा अभ्यासक्रम लावला. शिक्षक तयार करायला राष्ट्रीय केंद्र उभं केलं ते २०१८ मध्ये. आधी पुस्तक, मग मास्तर! श्रीमंत देशही असा चुकला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग आहे, तसंच प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण असंही लिहिलेलं आहे. ते ५० तास आपल्या शाळेतल्या बाईंना मिळाले का, हे विचारणं पालकांचं काम आहे.

सावित्रीमाई १८४८ साली पुण्यात शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांना आधी जोतिबांनी शिकवलं. शिक्षिका होण्याचं रीतसर शिक्षणही त्यांनी अहमदनगरला आणि पुण्याला घेतलं. ज्या माईंनी आपल्याला अक्षर दिलं, त्यांनाही आधी शिकावं लागलं. मग आजच्या शिक्षिकेनं "मला येत नाही, शिकवा" म्हटलं तर त्यात कमीपणा कसला?

म्हणून आमचं मागणं थोडं आहे. पालक सभेत "कॉम्प्युटर किती" एवढंच विचारू नका, "शिकवणाऱ्याला कोणी शिकवलं" हेही विचारा. दोन दिवसांच्या शिबिरावर समाधान मानू नका, वर्षभर सोबत मागा. आणि आपल्या वस्तीतली जी पोरं कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागली, त्यांनी रविवारी दोन तास विहाराच्या अभ्यासिकेत यावं, शिक्षकांच्या शेजारी बसावं. पैसेवाल्यांची मुलं शिकवणी लावतील. आपल्या मुलांना शाळेचा तास तेवढाच आहे. तो फुकट गेला तर दुसरा नाही.

ती लेक आता चौकटीची वही घेऊन वर्गात जाते. परवा म्हणाली, "काका, एका पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मले आलं नाही. मी म्हटलं, उद्या दोघी मिळून शोधू." आम्हाला वाटते, बाई त्या दिवशी शिक्षिका झाल्या.

एवढं बोलून थांबतो. जयभीम!