विजेच्या वाहनाचा बोजा कोणाच्या शिरावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



विजेवर चालणाऱ्या वाहनांविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. या वाहनांमुळे प्रदूषण सरेल, तेलाची आयात थांबेल आणि गरिबाचा खर्चही वाचेल, असे काही जण सांगतात. इतरांना हा सारा श्रीमंतांचा शौक वाटतो. आपण मात्र वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. या वाहनाच्या मालकीबरोबर जो भांडवली बोजा आणि जी जोखीम येते, ती समाजातील कोणत्या वर्गाच्या वाट्याला जाते?

प्रथम साधा हिशेब मांडू. पेट्रोलची स्कूटर १०० किलोमीटरला सुमारे २ लिटर पेट्रोल घेते. मुंबईतील दर लिटरला १०० रुपयांच्या वर आहे. म्हणजे खर्च २०० रुपयांहून अधिक झाला. तेवढ्याच अंतराला विजेच्या स्कूटरला तीन-साडेतीन युनिट वीज पुरते. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च ३५ रुपयांच्या आत राहतो. जाहिरातीतील हिशेब येथेच संपतो. परंतु या वाहनाच्या किमतीतील मोठा भाग बॅटरीचा असतो आणि बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. पेट्रोलच्या गाडीचा मालक इंधनाचा खर्च रोजच्या कमाईतून रोज भागवतो. विजेच्या गाडीच्या मालकाला पुढील कित्येक वर्षांच्या इंधनखर्चाचा मोठा हिस्सा बॅटरीच्या रूपाने पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्याच्या दृष्टीने ही फायद्याची गुंतवणूक होय. ज्याच्यापाशी ती नाही त्याला कर्ज काढावे लागते, आणि इंधनावर वाचलेला पैसा व्याजापोटी सावकाराच्या किंवा वित्तसंस्थेच्या घरी जातो.

ई-रिक्षाचे उदाहरण घ्या. २०१४ च्या ऑक्टोबरात केंद्राने या वाहनासाठी नियम केले आणि २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला कायदेशीर मान्यता मिळाली. उत्तर भारतातील लहानमोठ्या शहरांत, तसेच आपल्याकडे नागपूरसारख्या ठिकाणी, सायकलरिक्षा ओढणाऱ्या अनेकांना यामुळे कष्टाच्या कामातून सुटका मिळाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि यांतील बहुसंख्य रिक्षांत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. त्या एका वेळी चार बसवाव्या लागतात आणि रोजच्या वापरात बहुधा वर्ष-दीड वर्षात निकामी होतात. म्हणजे मूळ रिक्षाचे कर्ज फिटण्यापूर्वीच बॅटरीचे दुसरे कर्ज उभे राहते. राष्ट्रीयीकृत बँकेची पायरी या माणसाला सहसा चढता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राने १०,००० कोटी रुपयांची तरतूद केली. पण त्यातील अनुदान केवळ प्रगत बॅटरीच्या वाहनांना होते. शिसे-आम्लाची बॅटरी वापरणारा रिक्षावाला त्याच्या बाहेरच राहिला. धोरण तांत्रिकदृष्ट्या सयुक्तिक होते. पण महाग बॅटरी घेण्याइतके भांडवल त्याने कोठून आणावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

दुसरी अडचण चार्जिंगच्या जागेची. घरी वाहन चार्ज करता येईल, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या डिसेंबरमधील मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केले आहे. परंतु या परवानगीचा उपयोग होण्यासाठी आधी घर हवे, त्या घराला वाहन लावण्याची जागा हवी आणि त्या जागेपर्यंत स्वतःच्या मीटरची तार पोहोचली पाहिजे. चाळीत दुसऱ्या मजल्यावर पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्या, घरोघर माल पोहोचविणाऱ्या तरुणाजवळ यांपैकी काय आहे? घरमालक सांगेल त्या दराने तो विजेचे पैसे देतो. खालून खिडकीपर्यंत तार ओढली तर शेजारी आगीच्या भीतीने हरकत घेतात, आणि ही भीती निराधार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरी पेटल्याच्या घटना लागोपाठ घडल्या, आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादेत अशा स्कूटरींच्या दालनात लागलेली आग वरच्या हॉटेलात पसरून ८ जणांचा बळी गेला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. परंतु अरुंद जिन्याच्या तोंडाशी उघड्या तारेवर रात्रभर चालणारे चार्जिंग नियमपुस्तकाच्या बाहेरच राहते.

सार्वजनिक चार्जिंग केंद्रांनी ही उणीव भरून निघेल, असे म्हटले जाते. येथे नागपूरचा अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मे २०१७ मध्ये तेथे एका मोठ्या टॅक्सी कंपनीने सुमारे २०० विजेच्या वाहनांची योजना गाजावाजाने जाहीर केली. वर्षही उलटले नाही तोच चालकांची तक्रार सुरू झाली, की चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जातात आणि धंद्याचा वेळ बुडतो. कित्येकांनी गाड्या परत करून डिझेलकडे वळण्याची इच्छा बोलून दाखविली. त्यानंतर केंद्रांची संख्या वाढली हे खरे; तरी त्यामागील तत्त्व बदललेले नाही. पगारदाराची गाडी रात्री झोपेत चार्ज होते; रोजंदारीवाल्याचा चार्जिंगचा प्रत्येक तास मजुरीतून वजा होतो. पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते, याचे मोल त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते.

आता करांकडे पाहा. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. कोट्यवधींच्या आलिशान विजेच्या मोटारीलाही तोच ५ टक्के दर लागतो. मात्र पाच-सहा वर्षांनी स्कूटरची बॅटरी बदलायची वेळ आली की त्या सुट्या बॅटरीवर १८ टक्के कर द्यावा लागतो. नवी गाडी घेणाऱ्यास सवलत आणि जुनी गाडी टिकवून वापरणाऱ्यास दंड, असा याचा अर्थ होतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ केला आहे. बसची माफी योग्यच. पण या तिन्ही रस्त्यांवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेशच नाही. म्हणजे मोटारमालकाला मिळणारी ही सवलत स्कूटरवाल्याला आणि रिक्षावाल्याला कधीच मिळू शकत नाही!

दुरुस्तीचा प्रश्नही असाच आहे. नाक्यावरचा मेकॅनिक पेट्रोलचे इंजिन कानाने ओळखतो. नव्या वाहनाचा बिघाड संगणकाच्या कुलपात बंद असतो आणि त्याची किल्ली कंपनीजवळ असते. तालुक्याच्या गावी अधिकृत केंद्र नसेल तर गाडी टेम्पोत घालून जिल्ह्याला न्यावी लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही होती. परंतु तसा कायदा अद्याप झालेला नाही. त्यातच विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. वॉरंटीच्या बारीक अक्षरांवरून वाद होतो तेव्हा एकटा ग्राहक कंपनीपुढे दुबळा ठरतो.

मग या वाहनांना आपण विरोध करावा काय? मुळीच नाही. शहरातील धूर प्रथम रिक्षाचालक, फेरीवाले आणि रस्त्याकडेला राहणारे यांच्याच छातीत जातो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. अर्थात बॅटरीचे सेलही आज मुख्यतः चीनमधून येतात. तेव्हा परावलंबन संपले असे समजणे भाबडेपणाचे होईल. विरोध करायचा तो खर्चाच्या आणि जोखमीच्या विषम वाटणीला.

विजेचे वाहन आपल्याला नवे नाही, याचे येथे स्मरण द्यावेसे वाटते. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीजपुरवठा आणि वाहतूक असा दोन्हींचा कारभार नगरपालिकेच्या मालकीचा झाला आणि ‘बेस्ट’ उपक्रम उभा राहिला. ट्रामने कामावर जाणाऱ्या गिरणी कामगाराला चार्जिंगची आणि बॅटरीची चिंता करावी लागली नाही, कारण भांडवल आणि जोखीम सार्वजनिक संस्थेने उचलली होती. आज विजेच्या बसगाड्या पुन्हा आल्या आहेत, पण त्यांतील बहुतेक कंत्राटदारांच्या मालकीच्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बेस्ट’साठी भाडेतत्त्वावर चालणाऱ्या बसगाड्यांच्या कंत्राटी कामगारांना वेतनवाढीसाठी संप करावा लागला. वाहन आधुनिक झाले. कामगाराचे संरक्षण मात्र मागे गेले.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अनुदानाचा आणि सवलतींचा पहिला हक्क सार्वजनिक बसचा, दुसरा रिक्षाचा आणि पोटासाठी दुचाकी चालविणाऱ्यांचा असावा. सुट्या बॅटरीवरील कर वाहनाइतकाच असावा. रिक्षातळांवर आणि बाजारपेठांत नगरपालिकांनी चार्जिंगची व बॅटरी-बदलाची केंद्रे चालवावीत, जेणेकरून बॅटरीची मालकी संस्थेकडे आणि वापर श्रमिकाकडे राहील. सहकारी पतसंस्थांमार्फत रास्त व्याजाने कर्ज मिळावे. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा व्हावा आणि आयटीआयमधून नाक्यावरच्या मेकॅनिकला नवे प्रशिक्षण मिळावे.

शाखांनी याची सुरुवात आपापल्या गावातील रिक्षातळापासून करावी. किती जणांनी कर्ज काढले, व्याज किती, बॅटरी किती दिवस टिकली, चार्जिंगसाठी रोज किती तास गेले, याची नोंद करा. मंत्रालयातील आकडे वाहनांची विक्री सांगतात. त्या वाहनांच्या मालकांचे पुढे काय झाले ते सांगत नाहीत. ही माहिती हाती असेल तर नगरपालिकेच्या आणि विधिमंडळाच्या दारात आपल्या मागण्यांना वजन येईल.